नोकरी गेल्याची बातमी समोर बसून कशी सांगावी

कर्मचारी कपातीचा निर्णय बहुतेक वेळा वरच्या पातळीवर होतो. तो सांगण्याचे काम मात्र अशा व्यवस्थापकाच्या गळ्यात पडते, ज्याने यादी केलेली नसते, किंवा केली असली तरी यादीतील आकडा ठरवलेला नसतो. हिंजवडीतील आयटी कंपनीतला प्रोजेक्ट मॅनेजर असो की चाकणच्या कारखान्यातला शिफ्ट इन्चार्ज, हे काम त्याला कोणी शिकवलेले नसते. आदल्या संध्याकाळी एचआरकडून इंग्रजीतला एक मसुदा येतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ ठरलेली असते. पुढील मार्गदर्शन त्या व्यवस्थापकासाठी आहे. समोरच्याबद्दल आपल्याला कळवळा आहे की नाही, हे तो आपल्या आवाजावरून कमी आणि आपल्या तयारीवरून जास्त ओळखतो, असे माझे मत आहे. "मला फार वाईट वाटतंय" असे तीनदा म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला शेवटचा पगार कोणत्या तारखेला जमा होणार हे सांगता आले नाही, तर त्याचे वाईट वाटणे ऐकणाऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसते.

बातमी सांगण्याच्या पद्धतीने फरक पडतो, हा केवळ भाबडा समज नाही. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवावा असा आहे. एका कंपनीने मोठी कंत्राटे गमावल्यामुळे आपल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात केली. एका कारखान्यात वरिष्ठांनी सुमारे दीड तास थांबून कारणे सांगितली, आकडे दाखवले, खेद व्यक्त केला आणि प्रश्न घेतले. दुसऱ्यात पाव तासात निर्णय कळवून सभा आटोपली. कपात दोन्हीकडे सारखीच होती, तरीही दुसऱ्या कारखान्यातील चोऱ्यांचे प्रमाण पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक वाढले. हे पगारकपातीचे उदाहरण आहे, नोकरकपातीचे नाही, ही मर्यादा मान्य करूनही त्या दीड तासाचे मोल त्यातून कळते.

आदल्या दिवशी

प्रत्येक व्यक्तीसाठी एक कागद स्वतःच्या हाताने तयार करावा. एचआरचा तक्ता आपल्याकडे आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण त्या तक्त्यातील चूक ऐन वेळी तुमच्या तोंडून बाहेर पडते. शेवटचा कामाचा दिवस, नोटीस पिरियड प्रत्यक्ष काम करून पूर्ण करायचा की त्याचे पैसे मिळणार, शिल्लक रजांचे पैसे, नुकसानभरपाईची रक्कम, ग्रॅच्युइटी, आरोग्य विमा कोणत्या तारखेपर्यंत लागू राहील, लॅपटॉप कधी व कसा परत करायचा, आणि रिलीव्हिंग लेटर व अनुभवपत्र कधी मिळेल, एवढे त्या कागदावर असले पाहिजे.

यातील काही गोष्टी कंपनीच्या मर्जीवर नसून कायद्याच्या असतात आणि व्यवस्थापकाला त्या ढोबळमानाने तरी ठाऊक हव्यात. कामगाराच्या व्याख्येत बसणाऱ्या आणि सलग एक वर्ष सेवा झालेल्या व्यक्तीला छाटणीपूर्वी निदान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढे वेतन द्यावे लागते, आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून त्यांत दोन गोष्टींची भर पडली आहे: छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात पुनर्कौशल्य निधीतून (नवे कौशल्य शिकण्यासाठीच्या निधीतून) पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा झाली पाहिजे, आणि थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे. "फुल अँड फायनल (अंतिम हिशेब) होईल दीड-दोन महिन्यांत" हे वर्षानुवर्षे ऐकवले गेलेले वाक्य त्यामुळे आता तोंडावर आणू नये. सॉफ्टवेअर अभियंता कामगाराच्या व्याख्येत बसतो की नाही यावर वाद होत आले आहेत आणि तो वाद तुम्ही त्या खोलीत सोडवायचा नाही. पण समोरच्याने विचारल्यास "कायद्यानं तुम्हाला काहीच मिळत नाही" असे ठणकावून सांगण्याचा अधिकारही तुम्हाला नाही.

ग्रॅच्युइटीचे गणित आधीच करून ठेवावे. शेवटचे कायद्याच्या व्याख्येनुसारचे वेतन (मूळ वेतन व महागाई भत्ता, आणि इतर भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून अधिक असतील तर तो जादा भागही), गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, असा हा सरळ हिशेब आहे. हे वेतन ४०,००० रुपये आणि सेवा आठ वर्षांची असेल, तर रक्कम १ लाख ८४ हजारांच्या थोडी वर जाते. हा आकडा कागदावर पाहिला की हादरलेल्या माणसालाही पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज बांधता येतो. कायम नोकरीतल्या व्यक्तीला ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षांची सेवा लागते, म्हणून यादीतील कोणाची पाच वर्षे पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर ती तारीख बातमी सांगण्यापूर्वी एचआरच्या नजरेस आणून द्यावी आणि शेवटचा दिवस पुढे सरकवता येतो का ते लेखी विचारावे. अशी एक तारीख बदलून घेतली, तर त्याने त्या घराला जो आधार मिळतो तो कोणत्याही हळव्या शब्दांनी मिळत नाही. आई-वडिलांचे ऑपरेशन ठरलेले असेल, बाळंतपण जवळ आले असेल, तर विम्याच्या तारखेचेही असेच करावे. समूह विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण त्यासाठीचा अर्ज विमा सुरू असतानाच करावा लागतो आणि नेमके हेच कोणी सांगत नाही.

जागेचा विचार अनेकांना किरकोळ वाटतो. नव्या आयटी पार्कमधील मीटिंग रूमना काचेच्या भिंती असतात, आणि आत रडणारा माणूस बाहेरच्या चाळीस जणांना दिसतो. बंद दाराची खोली मिळत नसेल तर वेगळ्या मजल्यावरची घ्यावी, आणि शक्यतो अशी घ्यावी की तेथून लिफ्टकडे जाताना आपल्या टीमच्या बसण्याच्या जागेतून जावे लागणार नाही. टेबलावर पाणी ठेवावे. टिश्यूचा कोरा करकरीत डबा मात्र समोर मांडू नये; तो तुमच्या आधी बातमी सांगतो. आणखी एक व्यवहाराची बाब म्हणजे, जो माणूस कंपनीच्या बसने येतो तो सकाळी साडेअकराला घरी कसा जाणार? संध्याकाळच्या बसपर्यंत त्याने आपल्या रिकाम्या जागेवर बसून राहावे अशी कोणाचीच इच्छा नसते, पण कॅबची सोय कोणी केलेली नसते. ती करून ठेवावी, आणि दुचाकीने आलेल्यालाही लगेच गाडी काढू न देता कॅब घेण्याचा आग्रह करावा.

खोलीतील पहिली दोन मिनिटे

कर्करोगाच्या रुग्णांना वाईट बातमी कशी सांगावी यासाठी वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक सहा टप्प्यांची पद्धत मांडली, जी आज जगभरच्या वैद्यकीय शिक्षणात शिकवली जाते. तिच्यातील एक छोटीशी सूचना कार्यालयातही जशीच्या तशी लागू पडते: प्रत्यक्ष बातमीपूर्वी, वाईट बातमी येत आहे एवढे सांगणारे एक वाक्य बोलावे आणि त्यानंतर बातमी साध्या शब्दांत, आडपडदा न ठेवता द्यावी. आपल्याकडे घडते ते नेमके उलटे. व्यवस्थापक आधी चहा विचारतो, मुलांच्या शाळेची चौकशी करतो, मग बाजारातील मंदी, अमेरिकी ग्राहकांचे बजेट, कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेले जग अशी दहा मिनिटे प्रस्तावना करतो, आणि तोवर समोरच्याच्या पोटात गोळा आलेला असतो. हे लांबण लावणे ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नसते, बोलणाऱ्याच्या भीतीपोटी असते.

बोलायचे ते असे बोलावे: "एक वाईट बातमी सांगायची आहे. कंपनीनं आपल्या युनिटमधली काही पदं रद्द केली आहेत आणि त्यात तुझं पद आहे. निर्णय झालेला आहे, तो बदलणार नाही. तुझा शेवटचा दिवस महिनाअखेर आहे." एवढे बोलून थांबावे. शेवटच्या दोन वाक्यांतील स्पष्टता कठोर वाटते, पण ती गाळली तर समोरचा माणूस पुढचे वीस मिनिटे आपली बाजू मांडत राहतो, आपण काय काय केले ते मोजून दाखवतो, कमी पगारावर राहायला तयार होतो, आणि शेवटी हे सगळे व्यर्थ होते हे त्याला कळते. त्याला त्या अवस्थेत लोटणे अधिक क्रूर आहे.

वरच्या उदाहरणात मी 'तू' असे लिहिले आहे, ते विचारपूर्वक. ज्याला तुम्ही सहा वर्षे 'अरे' म्हणत आलात, त्याला त्या दिवशी अचानक 'तुम्ही' म्हणू लागलात किंवा मराठीतले सगळे बोलणे सोडून इंग्रजीत शिरलात, तर तो क्षणात ओळखतो की आता समोर ओळखीचा माणूस राहिलेला नाही. इंग्रजी मसुदा कायदेशीर कारणासाठी वाचणे भागच असेल तर तसे सांगून वाचावा, आणि मग नेहमीच्या बोलण्याकडे परत यावे. कारखान्यात ज्यांना 'काका' म्हणून हाक मारली त्यांनाही त्या दिवशी आडनावावर आणू नये.

थांबल्यानंतरची शांतता पाच-सात सेकंदांची असली तरी फार लांब वाटते, आणि ती भरून काढण्याच्या घाईत व्यवस्थापकाच्या तोंडून नको ती वाक्ये निसटतात. "जे होतं ते बऱ्याकरताच" हे त्यातले सर्वात वाईट. "तुला कुठंही मिळेल रे" हे दुसरे. कोणाला कुठे काय मिळेल हे तुम्हाला माहीत नसते. "मी तुझ्यासाठी खूप भांडलो" हे तिसरे: ते खोटे असेल तर उघडकीला येते आणि खरे असेल तर जाणाऱ्यानेच तुमचे आभार मानावेत अशी अपेक्षा त्यातून डोकावते. स्वतःच्या दुःखाचे वर्णनही टाळावे. डिसेंबर २०२१ मध्ये बेटर डॉट कॉम या अमेरिकी गृहकर्ज कंपनीचे प्रमुख विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना झूमवरील काही मिनिटांच्या कॉलमध्ये काढून टाकले. मागच्या वेळी हे करताना आपल्याला रडू आले होते, हेही त्यांनी त्याच कॉलमध्ये ऐकवले. ती चित्रफीत जगभर फिरली, गर्ग यांना माफी मागावी लागली आणि काही काळ पदापासून दूर राहावे लागले. ज्यांची नोकरी त्या क्षणी गेली त्यांनी सांगणाऱ्याच्या अश्रूंची दखल घ्यावी, ही अपेक्षाच विपरीत होती.

"मीच का?" हा प्रश्न येणारच. खरे कारण सांगता येत असेल तर ते एका वाक्यात सांगावे: प्रकल्प बंद झाला, त्या तंत्रज्ञानाचे काम उरले नाही, दोन टीम एकत्र केल्या. निकष रेटिंगचा असेल तर तो लपवू नये, पण पद रद्द झाले म्हणून काढत असताना जुन्या चुका उकरून काढून नालायकीचा शिक्काही मारू नये. निकष तुम्हाला कळवलेलाच नसेल तर तेच सांगावे: "हे निकष मला दिलेले नाहीत. तू लेखी विचार, उत्तर मिळेपर्यंत मी पाठपुरावा करीन." असे म्हटल्यावर मात्र पाठपुरावा करावा लागतो.

काही जण चिडतात, काही एकदम गप्प होतात, काही जण त्याच क्षणी उरलेल्या कामाचे हँडओव्हर समजावू लागतात. या तिसऱ्या प्रकाराने व्यवस्थापकाला सुटल्यासारखे वाटते, पण तो माणूस शांत आहे असे समजू नये. त्याला हलकेच थांबवून "ते उद्या बघू" म्हणावे. चिडलेल्याशी वाद घालू नये, आवाज चढला तरी आपला चढू देऊ नये. मग आदल्या दिवशीचा तो कागद पुढे करावा, त्यातील तारखा व रकमा वाचून दाखवाव्यात आणि कागद त्याच्याकडेच ठेवावा, कारण त्या क्षणी ऐकलेले पुढे फारसे आठवत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन करण्याची वेळ ठरवावी. खरे प्रश्न घरी गेल्यावर, गृहकर्जाचा हप्ता आठवल्यावर सुचतात.

सहीसाठी घाई आणि राजीनाम्याचा आग्रह

आपल्याकडील आयटी क्षेत्रात एक प्रघात पडला आहे: कपात ही कपात म्हणून न नोंदवता त्या माणसाला त्याच खोलीत पोर्टलवर राजीनामा टाकायला लावायचा, आणि न दिल्यास 'टर्मिनेटेड' असा शेरा येईल अशी भीती घालायची. नोकरी गमावणाऱ्याला तेव्हा माहीत नसते की स्वेच्छेने राजीनामा दिल्याची नोंद झाली तर छाटणीच्या भरपाईवरील त्याचा दावा कमकुवत होतो. पुण्यातील 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना कामगार खात्याकडे ज्या तक्रारी नेत आली आहे, त्यांत सक्तीच्या राजीनाम्याच्या तक्रारी आहेत. व्यवस्थापक म्हणून तुमच्यावर असा दबाव आला, तर निदान एवढे करावे की सहीसाठी काही दिवसांची मुदत मागून घ्यावी, कागद घरी नेऊन वकिलाला किंवा जाणकाराला दाखवू द्यावा, आणि हे सर्व ई-मेलवर नोंदवून ठेवावे. धमकीचे वाक्य मसुद्यात असेल तर ते आपल्या तोंडाने उच्चारण्यास नकार द्यावा. तो नकार देणे सोपे नाही, हे मी जाणतो. पुढच्या यादीत आपले नाव येईल ही भीती खोटी नसते.

कंत्राटी कामगारांच्या बाबतीत तर बातमी सांगितलीच जात नाही. सकाळी पंचिंग मशीन कार्ड घेत नाही, सुरक्षारक्षक "ठेकेदाराला फोन लावा" म्हणतो, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. कागदोपत्री ते तुमचे कर्मचारी नसतील, पण वर्षानुवर्षे तुमच्या लाइनवर उभे राहिलेल्या माणसाला आदल्या शिफ्टच्या शेवटी ठेकेदाराच्या माणसासह बाजूला घेऊन सांगणे, आणि त्याचे पीएफचे यूएएन (खात्याचा कायम क्रमांक), बँक खाते व थकीत ओव्हरटाइम यांची पडताळणी तिथेच करून देणे, यासाठी अर्धा तास पुरतो.

पडद्यावरून आणि परदेशात

समोरासमोर भेटणे शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल चालतो, मात्र एकेकट्याशी. ई-मेल ही नोंद म्हणून मागाहून यावी. मार्च २०२२ मध्ये पी अँड ओ फेरीज या ब्रिटिश जहाज कंपनीने सुमारे ८०० खलाशांना आधी चित्रित केलेल्या व्हिडिओ संदेशातून काढले, आणि कायद्याने बंधनकारक असलेली कामगार संघटनांशी सल्लामसलत जाणूनबुजून टाळल्याची कबुली त्यांच्या प्रमुखांना तेथील खासदारांपुढे द्यावी लागली. याउलट, मे २०२० मध्ये प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या अमेरिकी कंपनीने सुमारे १,९०० जणांना कमी केले, तेव्हा तिचे प्रमुख ब्रायन चेस्की यांच्या पत्रात निर्णय कसा झाला, कोणाला किती आठवड्यांचे वेतन मिळणार, विमा किती काळ राहणार हे सर्व सविस्तर होते. कर्मचाऱ्यांना लॅपटॉप ठेवून घेऊ दिले गेले, कारण नोकरी शोधायला संगणक लागतो. त्या पत्राची पुढे वाखाणणी झाली ती त्यातील जिव्हाळ्याच्या शब्दांसाठी, पण माझ्या मते त्या लॅपटॉपच्या ओळीचे श्रेय अधिक आहे.

पुण्यातून चालणाऱ्या अनेक टीममध्ये एखादा सदस्य न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये ऑनसाइट असतो. तो एच-१बी व्हिसावर (अमेरिकेतील नोकरीसाठीच्या, कंपनीने प्रायोजित केलेल्या व्हिसावर) असेल तर नोकरी संपल्यापासून त्याला देश सोडण्यासाठी किंवा दुसरा प्रायोजक शोधण्यासाठी जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, आणि हे दिवस साधारणपणे शेवटच्या पगारी दिवसापासून मोजले जातात. मुलांच्या शाळेचे वर्ष, घराचा भाडेकरार, गाडीचे कर्ज हे सगळे त्या साठ दिवसांत आवरायचे असते. त्यामुळे एकरकमी मोठी भरपाई देण्यापेक्षा त्याला आणखी काही आठवडे पगारपत्रकावर ठेवणे त्याच्या अधिक उपयोगाचे ठरू शकते; हा पर्याय कंपनीकडे आधी मागावा, मग फोन करावा. फोन त्याच्या दिवसाच्या वेळेत करावा, आपल्या सोयीच्या वेळी त्याच्या मध्यरात्री नव्हे.

ई-मेल व प्रणालींचा प्रवेश बंद करण्याची वेळ आयटी विभागाकडून लेखी निश्चित करून घ्यावी. तुम्ही बोलत असतानाच त्याचा लॅपटॉप लॉक झाला, तर तुम्ही काय बोललात हे त्याच्या लक्षात राहणार नाही, पडदा काळा झाल्याचे राहील. वैयक्तिक फोटो, पगाराच्या पावत्या, फॉर्म १६ आणि सहकाऱ्यांचे फोन नंबर काढून घेण्यासाठी तासभर देखरेखीखाली द्यावा. सुरक्षेच्या नावाखाली हेही नाकारले जाते, पण ज्याच्या हाती कालपर्यंत ग्राहकाचा डेटा होता त्याच्यावर तासभर विश्वास टाकायला हरकत नसावी.

जे राहतात त्यांच्याशी

शेवटचे संभाषण संपल्यावर त्याच दिवशी उरलेल्या टीमला एकत्र बोलवावे. कोण गेले हे त्यांना व्हॉट्सअॅपवरून आधीच कळलेले असते, म्हणून गोलमोल बोलण्यात अर्थ नाही. नावे आदराने घ्यावीत, कपातीचे कारण तेच सांगावे जे जाणाऱ्यांना सांगितले, आणि "आता आणखी कोणी जाणार नाही" असे वचन, ते देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल तर, मुळीच देऊ नये. गेलेल्यांचे काम कोणाकडे येणार आणि कोणते काम सरळ बंद करायचे, हे आठवड्याच्या आत ठरवावे. तिघांचे काम दोघांवर टाकून "आपण सगळे एक कुटुंब आहोत" म्हणणाऱ्या व्यवस्थापकावर कोणी विश्वास ठेवत नाही. गेलेल्यांशी बोलू नका, असा अलिखित दंडकही घालू नये.

काही महिन्यांनी नव्या कंपनीकडून पार्श्वभूमी पडताळणीचा फोन किंवा ई-मेल येतो. तेव्हा काय उत्तर द्यायचे हे जाणाऱ्याशी आधीच बोलून ठरवून ठेवावे, आणि तुमची बदली झाली तरी एचआरकडील नोंदीत "पद रद्द झाल्यामुळे सेवा समाप्त" एवढेच लिहिलेले आहे ना, हे एकदा स्वतः उघडून पाहावे.